चोवीस बटणांचं कर्ज

अळंबीला ऊन लागत नाही, खत लागत नाही, फारशी जागाही लागत नाही, असं माझ्या मित्राने मला सांगितलं होतं. भांडवल लागतं हे त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं आणि तेवढंच खरं निघालं. मी बँकेतून कर्ज काढून ते त्याच्या हातावर ठेवलं. पुढचं रामायण सांगत बसत नाही. अळंबी उगवलीच नाही असं म्हणता येणार नाही. फक्त ती त्याच्या शेडमध्ये न उगवता आमच्या बाथरूमच्या भिंतीवर उगवली, आणि तीही विनाभांडवल. मित्र हल्ली दुसऱ्या गावी मधमाश्या पाळतो.

या सगळ्यात ही मला एका शब्दानेही बोलली नाही. ही म्हणजे माझी बायको. लोकांना वाटेल, काय नशीबवान माणूस! पण ज्याने न बोलणारी बायको सोसली आहे त्यालाच कळेल. टोमणा मारला असता तर मी रागावलो असतो, दोन दिवस अबोला धरला असता, विषय संपला असता. हिने अळंबी हा शब्दच घरातून हद्दपार केला. बाजारात भाजीवाल्याकडे अळंबीचा ढीग दिसला की ती शांतपणे मान वळवून कांदे बघायची, आणि मी त्या ढिगाएवढा होऊन मागे उभा राहायचो.

यात भर म्हणजे माझी नोकरी. मी पाणीपुरवठा कार्यालयात थकबाकी विभागात आहे. 'आपणांकडील रक्कम अद्याप येणे असून सात दिवसांत न भरल्यास' अशी सुरुवात असलेली पत्रं गेली एकोणीस वर्षं मी लोकांना धाडतो. भल्याभल्यांचे नळ मी सहीसरशी बंद केले आहेत. अशा माणसाच्या बोकांडी कर्ज आहे हे बाहेर कळलं तर खात्याची अब्रू ती काय राहणार? म्हणून कर्जाची गोष्ट घराच्या चार भिंतींत ठेवायची असं मी ठरवलं. भिंतींनी पुढे काय केलं ते येईलच.

आता हिचं सांगतो. ही कपडे शिवते. बायकांचे, पुरुषांचे, कोट, जाकिटं, सगळं. हात असा की गिऱ्हाईक एकदा आलं की जात नाही. अक्षरशः जात नाही, कारण शिवणयंत्र आमच्या झोपायच्या खोलीत आहे आणि मापं तिथेच घेतली जातात. रविवारी दुपारी मी पडलेला असताना अपरिचित बाई दारात येऊन 'अय्या!' म्हणून परत गेल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्यापलीकडे गेले आहेत. गादीत टाचण्या निघतात. एकदा ऑफिसात साहेबांसमोर वाकून फाईल ठेवताना माझ्या शर्टाच्या पाठीवर 'बाही दोन बोटं आखूड' अशी चिठ्ठी टाचलेली त्यांनी वाचली होती.

आमच्या इमारतीच्या तळमजल्याला वह्या-पेनांचं एक छोटं दुकान आहे. दुकानाचे मालक म्हातारे झालेले. एक दिवस ते हिला म्हणाले, "सोळा महिन्यांनी मी मुलीकडे राहायला जाणार. जागा भाड्याने देईन. मोबाईल दुरुस्तीवाला मागतोय, पण तुम्ही घेत असाल तर आधी तुम्हाला."

ही घरी आली, दोऱ्याचं रीळ हातात घेऊन खिडकीत उभी राहिली आणि म्हणाली, "त्या जागेला उत्तरेकडून उजेड येतो. रंग चुकणार नाहीत." बस, एवढंच. लग्नाला बावीस वर्षं झाली. हिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. भाडं साधारण आमच्या हप्त्याएवढंच होतं. म्हणजे कर्ज संपलं तर दुकान. आणि कर्जाचे हप्ते राहिले होते चोवीस.

चोवीस हप्ते सोळा महिन्यांत! आठ हप्ते जादाचे काढायला हवे होते. मी कमरेचा पट्टा आवळला. नेमकं त्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या पुरवणीत 'कर्ज फेडताना उत्साह कसा टिकवाल?' असा लेख आला होता. उद्दिष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवा, असं पहिलंच कलम. चौकोनांचा तक्ता करून भिंतीवर लावा, एक हप्ता भरला की एक चौकोन रंगवा. मी कागद आणि पट्टी घेऊन बसलो. तीनदा चौकोन चुकल्यावर हिने कागद काढून घेतला आणि राखाडी सुती कापडाचा हातभर तुकडा कापून त्यावर चोवीस बटणं शिवली. चांगली गडद हिरवी, पितळी काठाची, कोटाची मोठी बटणं. कुणा गिऱ्हाइकाने नापसंत केली म्हणून डब्यात पडून होती.

"हप्ता भरला की एक कापायचं," ती म्हणाली. "मी कापणार. माझ्या कात्रीला तुम्ही हात लावायचा नाही."

शिंप्याची कात्री आणि बँकेचं पासबुक या दोन वस्तूंना मी तसाही भिऊन असतो. पासबुक मी त्या दिवशी कपाटात टाकलं आणि ठरवलं की इथून पुढे आपला हिशेब म्हणजे हे कापड.

लेखातलं दुसरं कलम होतं, प्रत्येक टप्प्याला स्वतःला बक्षीस द्या. पहिलं बटण कापल्याच्या आनंदात आम्ही बाहेर जेवायला गेलो. बिल बघून ही म्हणाली, "अशी बटणं साजरी केली तर दुसरं कापड शिवावं लागेल." तेव्हापासून बक्षीस म्हणजे चहात पूर्ण चमचा साखर. एरवी अर्धा.

बचत म्हणून मी बस सोडून ऑफिसला चालत जाऊ लागलो. पहिल्या महिन्यात बसभाडं वाचलं आणि बुटाचा तळ गेला. चांभाराने बूट उलटा करून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, नोकरी गेली का?" मी नाही म्हणालो तरी त्याने पैसे कमी घेतले. अपमान झाला, पण फायदाही झाला, म्हणून गप्प बसलो.

आता भिंतीकडे येतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक सेवानिवृत्त हिशेबतपासनीस राहतात. सगळी इमारत त्यांना ऑडिटरसाहेब म्हणते. वर्तमानपत्र ते आमचं वाचतात. 'विकत घेतलेलं वर्तमानपत्र माणूस नीट वाचत नाही,' असं त्यांचं मत. तर एका सकाळी सात वाजता ते आले आणि बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावलेल्या त्या कापडासमोर थेट उभे राहिले.

"हे काय?"

आता सांगायचं काय? खरं बोलण्याची सोयच नव्हती. ऑडिटरसाहेबांचं आवडतं वाक्य होतं, 'कर्ज म्हणजे मनाचा कमकुवतपणा. मी उभ्या जन्मात दमडीचं कर्ज केलं नाही.' जिन्यात दोनदा तरी ते ऐकल्याशिवाय आमचा दिवस जात नसे. माझ्या तोंडून निघून गेलं, "डोळ्यांचा व्यायाम आहे. रोज सकाळी एक डोळा झाकून बटणं मोजायची. मग दुसरा. नजर सुधारते."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी."

दुसऱ्या दिवशी सातला ऑडिटरसाहेब हजर. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवून त्यांनी माझं कर्ज मोजलं. मग उजव्या डोळ्यावर ठेवून फेरतपासणी केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी लागोपाठ चार लांब श्वास घेण्याची जोड दिली. आठवड्याभरात समोरच्या आजी येऊ लागल्या. रोज सकाळी माझ्या बैठकीच्या खोलीत दोन ज्येष्ठ नागरिक एकेक डोळा मिटून माझी थकबाकी मोठ्याने म्हणतात आणि मी त्यांना चहा देतो, असा देखावा सुरू झाला. या चहाचा खर्च महिन्याला पाव बटण येत होता.

बरं, यात एक गोची होती. बटणं कमी व्हायची. एखाद्या सकाळी ऑडिटरसाहेब चिंताक्रांत होत. "काल एकोणीस दिसत होती. आज अठरा."

"सुरुवातीला नजर थोडी खाली येते. मग वर जाते," मी सांगायचो. डॉक्टर व्हायला आणखी काय लागतं?

इकडे बँकेची वेगळीच तऱ्हा. कर्ज देताना त्यांनी मला खुर्ची दिली होती, पंखा माझ्याकडे वळवला होता. जादाचा हप्ता भरायला गेलो तेव्हा कर्ज विभागातले साहेब म्हणाले, "जादा रक्कम महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, अकराच्या आत. आणि परवानगीचा अर्ज." अर्जात 'रक्कम भरण्याचे कारण' असा रकाना होता. मी लिहिलं, 'कर्ज फेडण्यासाठी.' अर्ज परत आला. लाल शाईत शेरा, 'कारण अपुरे.' दुसऱ्यांदा लिहिलं, 'कर्ज लवकर फेडण्यासाठी.' शेरा, 'लवकर का?' तिसऱ्यांदा मी चिडून लिहिलं, 'पत्नीला उत्तरेकडचा उजेड हवा आहे.' तो अर्ज मात्र मंजूर झाला. पुढे दर वेळी मी तेच कारण लिहीत गेलो.

आठ महिन्यांत अकरा बटणं गेली, तेरा राहिली. आणि मग उत्साहाला ओहोटी लागली. आधी फ्रिज बंद पडला, मग माझी दाढ उठली. दोघांनी मिळून त्या महिन्याचं जादा बटण खाल्लं. त्या संध्याकाळी मी कापडासमोर बसलो. तेरा बटणं जशीच्या तशी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही जमणार गं. जाऊ दे ते दुकान. मोबाईलवाल्याला घेऊ दे."

ही कोटाची बाही जोडत होती. यंत्र क्षणभर थांबलं, परत सुरू झालं. मला वाटलं, संपलं. अळंबीच्या शेजारी आता दुकानही न बोलण्याच्या यादीत गेलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी ऑडिटरसाहेबांची किंकाळी ऐकू आली.

"अकरा! काल तेरा होती! एका रात्रीत दोन गेली! माझे डोळे गेले!"

मी धावत गेलो. मोजली. अकरा! एक डोळा झाकून मोजली. तरी अकरा. ऑडिटरसाहेब त्याच पावली चष्मेवाल्याकडे गेले आणि जाड भिंगांचा चष्मा घेऊन आले, तो त्यांना आजतागायत आहे. माझ्या मनाला ती गोष्ट लागून राहिली आहे, पण त्यांचा जुना नंबर खरंच चुकलेला निघाला, असं म्हणतात.

मी हिला विचारलं, "तू शिवणाच्या पैशातून दोन हप्ते भरलेस?"

हिच्या तोंडात टाचण्या होत्या. ती "हं" म्हणाली.

तोंडात टाचण्या असलेल्या बाईचं 'हं' होकार म्हणून धरू नये, हा धडा मी आज सर्वांना फुकट देतो. तेव्हा मात्र मला दहा हत्तींचं बळ आलं. जी बाई माझ्या चुकीसाठी गुपचूप दोन हप्ते भरते तिच्यासमोर हातपाय गाळून बसायचं? छे! मी ऑफिसचा चहा सोडला. दाढी घरच्या जुन्या पात्याने करू लागलो. सुट्टीच्या दिवशी एका वकिलाच्या फायली लावून द्यायचं काम धरलं. अकराची आठ झाली, आठाची पाच. ऑडिटरसाहेब नव्या चष्म्यातून मोजायचे, "पाच. स्वच्छ पाच!" आणि मी मनात त्यांना दाद द्यायचो.

सोळावा महिना संपता संपता हिने शेवटचं बटण कापलं. कापड रिकामं झालं. मी धुतलेला शर्ट घातला, बटणं नीट लागली आहेत ना ते दोनदा पाहिलं आणि कर्जमुक्तीचा दाखला आणायला बँकेत गेलो. पाच दिवसांनी दुकानाचे मालक मुलीकडे जाणार होते.

"दाखला द्या," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच लागला असावा, कारण रांगेतल्या चौघांनी वळून पाहिलं.

साहेबांनी खातं पाहिलं. परत पाहिलं. "दोन हप्ते बाकी आहेत."

"शक्य नाही. माझ्याकडे एकही बटण शिल्लक नाही."

"काय शिल्लक नाही?"

मी त्यांना समजावून सांगितलं. राखाडी कापड, चोवीस बटणं, कात्री. रांग जवळ सरकली. साहेब सहनशील होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी छापील उतारा माझ्यासमोर ठेवला आणि पेनाने एकेक ओळ दाखवत गेले. बावीस. आठव्या महिन्यात जादाचं काहीही आलेलं नव्हतं. एकोणीस वर्षं लोकांना थकबाकीची पत्रं पाठवणारा मी, पाच दिवसांवर दुकान आलेलं असताना, भर बँकेत थकबाकीदार ठरलो. मान खाली गेली.

आणि खाली गेल्यामुळेच दिसलं. साहेबांनी नवा कोट घातला होता. त्यांच्या पोटावर, बरोबर टेबलाच्या कडेशी, दोन बटणं होती. गडद हिरवी, पितळी काठाची.

"साहेब, हा कोट..."

"तुमच्याच मिसेसकडे शिवलाय," साहेब खूश होऊन म्हणाले. "काय सुरेख बसलाय! शोभेल असं बटण मिळत नव्हतं, त्यांनी कुठून तरी दोन शोधून लावली."

माझे दोन हप्ते बँकेत पोचले होते, फक्त ते खात्यात जमा झाले नव्हते. मी उतारा घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर पडलो.

रस्ताभर मी वाक्यं जुळवली. रागाची, मग दुःखाची, मग परत रागाची. इमारतीपाशी आलो तर वह्यांचं दुकान रिकामं होत होतं. खोकी बाहेर, फळ्या उतरवलेल्या. पाच दिवसांनी जाणारा माणूस आजच निघाला की काय? संपलं, जागा मोबाईलवाल्याने नेली! मी आत डोकावलो. आत ही होती. गळ्यात टेप, हातात खडू. भिंतीची मापं घेत होती.

"दोन हप्ते बाकी आहेत," मी दारातूनच म्हणालो. जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे.

"माहीत आहे," ती म्हणाली. "यंत्र इथे ठेवू की खिडकीपाशी?"

"माहीत आहे? मग बटणं का कापलीस?"

तिने खडू खाली ठेवला. "तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, जाऊ दे ते दुकान. डब्यात माझ्या शिवणाचे दोन हप्त्यांएवढे पैसे साठले होते, बँकेत भरायचे म्हणून. ते मी उचलले आणि काकांना जागेची अनामत देऊन टाकली. दुकान पक्कं केलं. मग म्हटलं, आता तुमचं बघायला हवं. तुमचा चेहरा बघवत नव्हता. म्हणून दोन कापली."

"म्हणजे तू मला फसवलंस?"

"उत्साह टिकला की नाही?" ती म्हणाली. "तेरा बटणांवर बसून राहिला असतात. अकरावर उठलात. काकांनी दोन महिने भाडं नको म्हणून सांगितलंय, तेवढ्यात ते दोन हप्ते फिटतील. आणि बटणं कोटाला लावली, कारण चांगलं बटण टाकून देववत नाही."

मी तिथल्या एका खोक्यावर बसलो. आठ महिने मी ज्या दोन हप्त्यांच्या उपकाराखाली झिजलो ते हप्ते मुळात भरलेलेच नव्हते, आणि तरीही ते नसते तर पुढचे अकरा भरून झाले नसते. हा हिशेब कुठल्या वहीत बसतो ते मला अजून कळलेलं नाही. पण रडू आलं, हे खरं आहे. मी ते दुकानातल्या धुळीवर ढकललं.

आठवड्याभरात दुकान सुरू झालं. हिने राखाडी कापड आणून समोरच्या भिंतीवर लावलं आणि त्यावर दोन साधी, पांढरी, शर्टाची बटणं शिवली. मी म्हणालो, "अगं, इथे कशाला? लोक विचारतील."

"विचारू देत," ती म्हणाली.

पहिली आली ती ऑडिटरसाहेब आणि त्यांची बायको ही जोडी. साहेबांनी सवयीने एक डोळा झाकला. "दोन. बरोबर?"

वरच्या वहिनी तशा कमी बोलणाऱ्या. साहेब बोलत असले की त्या जमिनीकडे बघतात, आणि साहेब सतत बोलत असतात. त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, "हे नक्की आहे तरी काय हो?"

मी सुरुवात केली, "हा डोळ्यांचा..."

"कर्ज आहे," ही म्हणाली. हातातलं कापड बाजूला ठेवून, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमच्या ह्यांनी अळंबीत पैसे घातले होते. सगळे बुडाले. त्याचे हप्ते आहेत. चोवीस होते, आता दोन राहिलेत. ह्यांनी फेडले."

अळंबी! पहिल्यांदा तिच्या तोंडून तो शब्द आला. मला वाटलं होतं, तो शब्द ऐकला की मी जमिनीत जाईन. उलट छातीवरचं मणाचं ओझं उतरलं. मी ऑडिटरसाहेबांकडे पाहिलं. आता मनाच्या कमकुवतपणावरचं ते वाक्य येणार, येऊ दे म्हटलं. पण साहेब एकदम काचेतल्या दोऱ्याच्या रिळांचे रंग बघू लागले होते.

वहिनी कापडाजवळ गेल्या. एका पांढऱ्या बटणावरून त्यांनी बोट फिरवलं. "मला पण असं एक शिवून द्याल?" त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी ससे पाळले होते."

मग हिने नवी कोरी ऑर्डरची वही उघडली, पेन्सिल घेतली आणि विचारलं, "बटणं किती लागतील?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच हलक्या आवाजात म्हणाले, "बहात्तर."

"मोठी लावा हं," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना लांबून दिसली पाहिजेत."